माणदेशातून सांगलीला, लाकडी मेंढरं बघायला

अन्याय कुणावर झाला आणि कधी झाला, ते आधी सांगते. प्रवास नंतर.

अन्याय झाला अकरा मुलांवर. माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं माळावर मेंढपाळांची एक वस्ती आहे, तिथल्या अंगणवाडीची ही मुलं. सगळ्यात थोरलं साडेपाच वर्षांचं, सगळ्यात धाकटं तीन. वेळ दिवाळीच्या आधीच्या रविवारची, सकाळी अकराला दहा मिनिटं कमी. जागा, सांगलीतल्या एका सभागृहाचं दार. आत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ सुरू होणार होता. बाहेरच्या फलकावर 'बालगोपाळांसाठी खास' असं हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. आणि दाराच्या चौकटीवर, चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली एक लहान पाटी होती: 'सहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.'

बाहुल्यांच्या खेळाला. सहा वर्षांखालील मुलांना. मी ती पाटी दोनदा वाचली.

मुलांना घेऊन आल्या होत्या कमलताई. त्या वस्तीवरच्या अंगणवाडीसेविका. वय पन्नाशीकडं झुकलेलं, आवाज हळू, काखेत कायम रजिस्टर. पहाटेच्या एसटीनं निघून, दोन गाड्या बदलून त्या पोचल्या होत्या. दारातल्या व्यवस्थापकांनी विचारलं, मुलं किती वर्षांची? दुसरं कुणीही 'सहा' म्हणून मोकळं झालं असतं. अंगणवाडीच्या बाईला ते जमत नाही. तिथं मुलाचं वय महिन्यांत मोजतात, वजनाशेजारी लिहितात आणि तपासणीला कुणी आलं की घडाघडा सांगतात. कमलताईंनी रजिस्टर उघडलं आणि अभिमानानं वाचायला लागल्या. बाणू, बावन्न महिने. सिदू, एकोणचाळीस महिने. कागद दाखवला की सरकारी दारं उघडतात हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. इथं त्याच कागदानं दार लागलं. अकरा नावं वाचून झाल्यावर व्यवस्थापक म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत बाई. मी काही बोललो का?"

हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या भाचीला घेऊन मी रांगेत होते. भाची सात वर्षांची, म्हणजे पाटीच्या हिशेबानं तिला बाहुली बघण्याइतकी अक्कल आलेली. तिला तिच्या आईबरोबर, म्हणजे माझ्या बहिणीबरोबर, आत धाडलं आणि मी पायरीवर त्या अकरा जणांच्या शेजारी बसले. दार बंद झालं. आत पेटी वाजायला लागली, मग टाळ्या पडल्या. बाणू नावाची ती बावन्न महिन्यांची पोरगी पायरीवर मांडी घालून बसली होती. आत टाळ्या पडल्या की ती बाहेर टाळ्या वाजवायची. खेळ असाच ऐकायचा असतो असं तिला वाटलं असावं. तिची आई हौसाबाई माझ्याकडं न बघता म्हणाली, "आमच्या पोरास्नी बाहुली बघाय बी वय लागतंय व्हय?"

माझे आजोबा माधवनगरच्या गिरणीत होते आणि गेटावर पत्रकं वाटायचे. पत्रक लिहायला मी त्यांच्याकडून शिकले. पहिल्या ओळीत कुणावर, दुसऱ्या ओळीत कधी, शेवटच्या ओळीत काय पाहिजे. मधे रडगाणं नको. त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं, दुसऱ्या दिवसापासून सभागृहाच्या फाटकात वाटलं, आणि दिवाळी संपायच्या आत व्यवस्थापकांनी मला आत बोलावून चहा पाजला.

त्याआधी मी आणखी एक काम केलं होतं. बाहुल्या नाचवणाऱ्या सुमनमावशींना गाठलं. खेळ संपल्यावर त्या जुन्या लुगड्यात एकेक बाहुली गुंडाळून ट्रंकेत ठेवत होत्या, आणि त्यांचे यजमान पेटीचा भाता पुसत होते. दारावरच्या पाटीचा त्यांना पत्ताच नव्हता. कलाकारांना त्रास होतो म्हणून लहान मुलं नकोत, असं व्यवस्थापक सांगतात, खरं का, असं मी विचारलं. त्या हसायला लागल्या. "आमच्या ह्यांची पेटी एवढ्या मोठ्यानं वाजते, त्यात पोराचं रडणं मला ऐकू कुठनं यायचं?" मग हसू थांबवून म्हणाल्या, पुढच्या खेळाला ती अकरा पोरं आत नसतील तर मी ट्रंक उघडणार नाही.

तर व्यवस्थापकांनी चहा पाजला आणि अट घातली. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी मुलं आणा. पण त्यांच्यामुळं खेळ एकदा जरी थांबला तर पाटी कायमची राहील, आणि तुमचं पत्रकसुद्धा बंद. मला जिंकल्याची घाई झालेली. मी लगेच मान्य केलं. ही माझी चूक होती, आणि ती किती मोठी होती हे कळायला तीन दिवसांचा प्रवास लागला.

शुक्रवार, वस्तीवर

विटा सोडलं की रस्त्याच्या कडेची हिरवाई विरळ होत जाते. मायणीच्या पुढं तर नजर अडायला काही उरत नाही. काढलेल्या बाजरीची खुंटं, मधेच एखादी डाळिंबाची बाग, टेकड्यांवर पवनचक्क्या. आम्ही कृष्णाकाठची माणसं. उसाच्या भिंतींमधून वाढलेली. एवढं आभाळ एकदम अंगावर आलं की बोलणं बंद होतं.

वस्तीवर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि मेंढरं माळावरून परतत होती. आधी धूळ दिसते, मग आवाज येतो. सकाळपासून वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडलेली कोकरं आयांच्या वासानं उड्या मारायला लागतात. जाळी वर केली की शंभर कोकरं शंभर मेंढ्यांमध्ये घुसतात आणि घडीभरात प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी लुचत असतो. दोन कोकरांची आई मेली होती. त्यांना दुसऱ्या मेंढीखाली धरून दूध पाजायचं काम बाणूकडं होतं. एका हातानं मेंढीचा कान धरून, गुडघ्यानं कोकराला पुढं सारून ती ते करत होती. सभागृहात शांत बसायला जिला वय कमी पडलं, तीच ही.

कळपाचे थोरले म्हाळूतात्या दगडावर बसून लोकर कातत होते. हातातली चाती गरगर फिरत होती, नजर मेंढरांवर होती, आणि बोलणं माझ्याशी चाललं होतं.

"म्हंजी पोरी, मेंढक्याची पोरं गाडी करून सांगलीला जाणार. आन् बघणार काय, तर मेंढरं."

"लाकडाची आहेत तात्या."

"त्यास्नी लोकर निगती?"

"नाही निघत."

"मग काय उपेग." बाजूच्या बाया खाली बघून हसल्या. तात्यांनी चाती थांबवली आणि त्यांचा आवाज बदलला. "मागल्या बारीला पोरं दारातनं माघारी आली. बायांनी मनाला लावून घेतलंय. आता परत हाकलली, तर ही पोरं उंद्या साळंच्या दारात बी पाय ठेवायची न्हाईत, सांगून ठेवतो. मंगळवारी आमी मेंढरं घिऊन चाऱ्यासाठी खाली निघतोय. मग पावसापातुर हितं कोण नसतंय. त्येच्या आत काय त्ये करा."

म्हणजे एकच रविवार हातात होता. मी लगेच कामाला लागले. मुलांना गोल बसवलं, ओठांवर बोट ठेवायला शिकवलं. मी टाळी वाजवली की कुणी बोलायचं नाही, असा खेळ लावला. अकराच्या अकरा जण बोट ठेवून माझ्याकडं बघत बसले. मी खूश. तात्या चुलीकडं जाता जाता थबकले.

"गप मेंढरू दिसलं की आमी आदी त्येच्या तोंडात बघतो," ते म्हणाले. "काय दुखतंय का म्हणून."

रात्रीचं जेवण उजेड असतानाच उरकतात तिथं. हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, ठेचलेली लसूण मिरची. माडगं पातळ, गरम, पोटात जाऊन बसणारं. आमच्याकडं आजाऱ्याला पेज देतात तशी चव लागेल असं वाटलं होतं. तीन वाट्या प्यायले.

शनिवार, माळावरून माधवनगरला

मायणीचे रफिकमामा त्यांची क्रूझर घेऊन सकाळीच आले. एरवी ते वडाप चालवतात, म्हणजे रस्त्यात हात करील त्याला घेतात, त्यामुळं नऊ जणांच्या गाडीत चौदा माणसं बसवणं त्यांना नवीन नव्हतं. अकरा मुलं, कमलताई, हौसाबाई आणि मी. मी पुन्हा माझा खेळ लावला. एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत कुणी बोलायचं नाही. मुलांनी तो इतका मनावर घेतला की विट्याच्या अलीकडं सिदूला मळमळायला लागलं तरी तो दगड यायची वाट बघत गप्प बसला. दगड आला, आणि त्यानं तोंड उघडलं ते थेट माझ्या पिशवीत. पिशवीत रविवारी वाटायची सगळी पत्रकं होती.

रफिकमामांनी गाडी बाजूला घेतली, पत्रकांकडं बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, वाचून लगेच मत दिलंय पोरानं." हौसाबाईला हसून हसून रडू आलं. मीही हसले, पण मनातून चिडले होते. पोरावर नव्हे, पत्रकं गेली म्हणून. हे इथं लिहून ठेवते, कारण चळवळीतल्या माणसांना हा रोग असतो.

तासगावच्या अलीकडं द्राक्षबागा सुरू झाल्या. एका बागेच्या कडेला बेदाण्याची शेड दिसली. उन्हाळा तोंडावर आला की तिथं जाळ्यांच्या थरांवर द्राक्षं वाळत घालतात. आता ती रिकामी होती. सावली बघून आम्ही भाकरी सोडायला उतरलो. मुलांनी ते जाळ्यांचे थर बघितले आणि ओरडलीच, वाघर, वाघर! एवढी मोठी वाघर असणाऱ्या माणसाकडं मेंढरं किती असतील याचा अंदाज बांधत ती पळायला लागली. शेडची मालकीण धावत आली ती रागावायलाच. पण पाच मिनिटांत हौसाबाई तिला सांगत होती की जाळीची गाठ अशी मारली तर उंदीर शिरत नाही, आणि मालकीण ती गाठ सोडून पुन्हा मारून बघत होती. निघताना तिनं मागच्या हंगामातले बेदाणे डबाभर दिले. मी मुलांना टाळी वाजवून गप्प केलं आणि गाडीत कोंबलं.

माधवनगरला आमच्या घरी आईनं अकरा ताटं मांडली होती. आमच्यात पाहुण्याला स्वतंत्र ताट, हा मान. मुलं ताटांकडं बघत उभीच राहिली. शेवटी सगळ्यात थोरल्यानं दोन परातींमध्ये भात ओतून घेतला आणि सगळी गोल करून बसली. आई ताटं उचलताना म्हणाली, बरं झालं, घासायची वाचली. संध्याकाळी तिनं सांगलीचा भडंग समोर ठेवला. तिखट लागून नाकं गळायला लागली तरी एकानं मूठ सोडली नाही.

दिवेलागणीला सिदूला आईची आठवण आली आणि तो मोठ्यानं रडायला लागला. माझा हात टाळीसाठी वर गेला. त्याआधीच शेजारी बसलेल्या, वस्तीवरच्याच पाच वर्षांच्या पोरीनं त्याला कडेवर उचललं आणि ती अंगणात चालायला लागली. तो रडत होता, ती चालत होती. बाकीच्यांनी वळूनही बघितलं नाही. रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं, एवढंच त्या वस्तीवर करतात. आपण काय करतो? आपण 'शूऽऽ' म्हणतो.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आल्यापासून बघतेय. तू या पोरांना गप्प बसा यापलीकडं काही बोललेली नाहीस. मग त्या पाटीत आणि तुझ्यात फरक काय?"

मी तिला अट समजावून सांगितली. मंगळवारी मेंढरं निघणार हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भाकरी थापायला गेली. तिचं खरं होतं म्हणून मी तिच्यावर रागावले.

रविवार, सांगली

साडेदहाला आम्ही दारात. पाटी जागच्या जागी. व्यवस्थापकांनी घड्याळात बघितलं, मुलं मोजली, आणि मला बाजूला घेऊन अट पुन्हा ऐकवली. ते वाईट गृहस्थ नाहीत, हे मला लिहायलाच हवं. सभागृह झाडून घेणारे, पंखे सुरू आहेत का बघणारे, माईकच्या वायरी स्वतः गुंडाळणारे तेच एक. त्यांना आवाजाची भीती वाटते. आवाज झाला की तक्रार येते, तक्रार आली की त्यांना बोलणी बसतात.

कमलताईंनी सगळ्यांना पुढच्या रांगेत बसवलं. खुर्च्यांवर बसल्यावर पाय लोंबकळायला लागले म्हणून पोरं खाली उतरली आणि रंगमंचासमोर फरशीवर बसली. मागं शहरातली मुलं, आईबाप. बाणू माझ्या पायाशी. तिच्या ओठांवर बोट होतं. मी शिकवलेलं.

पेटी सुरू झाली. पडदा सरकला. हातभर उंचीचा मेंढका आला, मुंडासं बांधलेला, खांद्यावर काठी. मग पाच मेंढ्या, पाठीवर खरी लोकर चिकटवलेल्या, आणि मागं एक कुत्रा. पायांचा टपटप आवाज. माझ्या अकरा जणांच्या पाठी एकदम ताठ झाल्या. मेंढका झोपला. कुत्राही झोपला. आणि डाव्या बाजूनं लांडगा आला, लाल जिभेचा, वाकडातिकडा चालणारा. मागची मुलं हसायला लागली. लांडग्यानं आरोळी ठोकली आणि पाचही मेंढ्या पाच दिशांना उधळल्या. एक तर उडी मारून मेंढक्याच्या मुंडाशावर बसली. सभागृह खदखदून हसलं.

पुढची अकरा डोकी हलली नाहीत. मग बाणूनं ओठांवरचं बोट काढलं, उठून उभी राहिली आणि माळावर घालायच्या आवाजात म्हणाली,

"आवं, मेंढरं आशी फाकत न्हाईत!"

हसणं बंद झालं. पेटीही बंद झाली. मला कडेच्या दाराजवळ व्यवस्थापक उठताना दिसले, त्यांचा हात दिव्यांच्या बटणाकडं जाताना दिसला. कमलताईंनी रजिस्टर छातीशी धरलं होतं. मला फक्त मंगळवार दिसत होता. मी बाणूचा हात धरून तिला खाली ओढायला वाकले. हो, मीच. ज्या पोरीसाठी मी पत्रक काढलं, तिलाच गप्प करायला मी वाकले होते.

तेवढ्यात मेंढका उठला. लाकडी मान बाणूकडं वळली, आणि वरून सुमनमावशींचा आवाज आला, तिच्याच बोलीत. "मग कशी करत्यात गं बाई? मला म्हाताऱ्याला काय म्हाईत न्हाई. दाव की."

माझा हात सुटला.

"लांडगा आला की गोळा हुत्यात," बाणू म्हणाली. "डोकी आत आन् ढुंगणं भाईर."

आणि दाखवलंच. अकराच्या अकरा जण उठले, रंगमंचापुढं गोल झाले, डोकी मधे घातली आणि बुडं बाहेर काढून घट्ट चिकटून उभे राहिले. सिदू सगळ्यात मधे, कारण कोकरू मधे असतं. मागच्या रांगेतला एक बाप एवढा हसला की त्याचा चष्मा खाली पडला. पण मुलं हसत नव्हती. ती शिकवत होती.

वर सुमनमावशींनी एकेक मेंढी आत ओढायला सुरुवात केली. डोकं आत, बूड बाहेर. पहिली, दुसरी, तिसरी. पाच मेंढ्यांचे धागे एकमेकांवरून जात होते, पीळ पडत होता, आणि मावशी वरून पुटपुटत होत्या ते सगळ्यांना ऐकू येत होतं. पाचवी मेंढी आत आली. गोल पूर्ण झाला. मग लांडग्याला झेप घ्यावी लागली, कारण खेळ तसा बसवलेला होता. त्यानं झेप घेतली आणि सरळ त्या धाग्यांच्या गुंत्यात अडकला. मागचा एक पाय वर, तोंड खाली, जीभ लोंबतेय. सुमनमावशींनी ओढून बघितलं, हिसका देऊन बघितला. लांडगा हलेना.

माझ्या अकरा जणांनी आरोळी ठोकली. वस्तीवर मेंढरं वळवताना बाया ओठांनी लांब फुर्रकन आवाज काढतात, तो. त्याच्यामागून टाळ्या, आणि मग मागच्या रांगांतली मुलं खुर्च्यांवरून उतरून पुढं आली आणि फुर्र करायला शिकायला लागली. दोन वर्षांचं एक पोरगं कुठून तरी दुडदुडत आलं. ते कुणी आत आणलं आणि कसं, हे मला आजही माहीत नाही. पेटीवाल्या यजमानांनी जोरात चाल धरली. पडद्यामागं सुमनमावशी हसत होत्या. आणि लांडगा लटकत होता.

धागे सुटेपर्यंत पुढं काही दाखवता येणं शक्यच नव्हतं. पडदा सरकला. व्यवस्थापक माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"खेळ थांबला," ते म्हणाले. "ठरल्याप्रमाणे."

पडद्यातून सुमनमावशींचं डोकं बाहेर आलं. केस सुटलेले, कपाळावर घाम. "थांबला नाही साहेब," त्या म्हणाल्या. "संपला. मेंढरं वाचली की खेळ संपतो. एवढी वर्षं मी उगीच अर्धा तास लांबवत होते."

व्यवस्थापक काही बोलणार तोच मागून एक बाई आल्या. त्यांची मोठी मुलगी फुर्र करत होती. त्यांनी विचारलं, माझी धाकटी चार वर्षांची आहे, या पाटीमुळं तिला शेजारणीकडं सोडून आलेय, तिला आज काय सांगू? मग दुसरे एक गृहस्थ आले, त्यांचा मुलगा गाडीत आजोबांजवळ बसवलेला. मग आणखी दोघीतिघी. माझ्या पत्रकात मी फक्त अकरा मुलं मोजली होती. सांगलीच्या घराघरात किती बसवून ठेवली होती, ते मला सुचलंच नव्हतं. व्यवस्थापक म्हणाले, वर विचारावं लागेल.

त्यावर कमलताईंनी विचारलं. हळू आवाजात. "साहेब, पाटी कुणी लावली?"

"मीच लावली. तक्रारी यायच्या म्हणून."

"लावताना वर विचारलं होतं का?"

व्यवस्थापकांनी माईकच्या वायरींशेजारच्या डब्यातून पाना-पेचकस घेतला आणि दाराकडं गेले. चार स्क्रू होते. तीन पटकन निघाले. चौथा गंजला होता. तो रफिकमामांनी गाडीतलं तेल टाकून काढला.

पाटी उतरली तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटं होती. वेळ लिहून ठेवा.

मला वाटलं झालं. कमलताईंचं झालं नव्हतं. अंगणवाडीत एखादी गोष्ट रजिस्टरात चढून तिच्यापुढं सही होईपर्यंत घडलेली नसते. त्यांनी तेच रजिस्टर उघडलं, त्याच अकरा नावांचं पान काढलं, शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन पुढं केलं. व्यवस्थापकांनी उभ्या उभ्या लिहिलं: 'सर्व मुलांनी पूर्ण खेळ पाहिला.' खाली सही. कमलताईंनी शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

निघताना सुमनमावशींनी बाणूला आत बोलावून गुंता दाखवला. लांडगा अजून त्यातच होता. कात्री लावावी लागेल म्हणाल्या. मग म्हणाल्या, नाही लावत. पुढच्या खेळापासून लांडगा असाच सापडणार.

सोमवार, परत वस्तीवर

परतीच्या वाटेवर मी एकदाही टाळी वाजवली नाही. गाडीत इतका कालवा होता की रफिकमामांनी गाणी लावायचा नाद सोडला.

वस्तीवर बांधाबांध सुरू झाली होती. घोड्यांची खोगिरं बाहेर काढलेली, वाघरी गुंडाळलेल्या, भांडी पोत्यात. बाया कामं टाकून धावत आल्या. कमलताईंनी कुणाला काही न सांगता ते पान उघडून हौसाबाईच्या सासूपुढं धरलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं सहीवर बोट फिरवलं आणि विचारलं, दारातल्या त्याच माणसाची काय? कमलताईंनी मान हलवली. मग ते रजिस्टर हातोहात सगळ्या वस्तीवर फिरलं.

म्हाळूतात्यांनी बाणूला मांडीवर घेतलं. "काय बघितलंस गं सांगलीत?"

"लाकडाची मेंढरं हुती," ती म्हणाली. "त्यास्नी काय बी येत न्हवतं. आमी शिकीवलं."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मंगळवारी सकाळी मेंढरं निघाली तेव्हा बाणू घोड्यावर बसलेली होती, आणि तिचं बोट ओठांवर नव्हतं. वळणावर जाईपर्यंत तिची फुर्र ऐकू येत होती.

आता तुमचं काम. हे वाचून छान वाटलं असेल तर मला कळवू नका. तुमच्या गावात जिथं नाटक, गाणं, बाहुल्या, जादू असं काही होतं, त्या सभागृहाच्या दारावर या रविवारी जा आणि चौकट वाचा. लहान मुलांना मनाई करणारी पाटी असेल, तर ती कुणी लावली ते विचारा. वर विचारतो म्हणाले, तर लावताना विचारलं होतं का ते विचारा. आणि जाताना सहा वर्षांच्या आतलं एक मूल बरोबर न्या, पेचकस न्या, आणि गंजलेल्या स्क्रूसाठी थोडं तेल न्या. पाटी उतरल्याशिवाय दारातून हलू नका.